अंतर्गत लाटांसाठी ग्लायडर की मूरिंग?

जळगाव-धुळ्याकडचे एम.एस्सी.चे विद्यार्थी प्रकल्पाला समुद्र घेतात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. अंतर्गत लाटा, म्हणजे पृष्ठभागाखाली उबदार-थंड पाण्याच्या थरांत उठणाऱ्या लाटा, बघायच्या तर डेटा कुठला घ्यायचा? तळाशी नांगरलेल्या दोरावर उपकरणं लावलेल्या मूरिंगचा, की आपोआप बुड्या मारत फिरणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ग्लायडरचा? मी दोन्ही वापरून पाहिले.

मूरिंगची बाजू भक्कम आहे. अंदमान समुद्रातली एकेक एकाकी लाट, म्हणजे एकटीच धावणारी मोठी अंतर्गत लाट, तासाभराच्या आत निघून जाते, आणि ग्लायडरला हजार मीटरची बुडी मारून वर यायलाच चार-पाच तास लागतात. थराथराचा प्रवाहही मूरिंगवरच्या एडीसीपीतून, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून प्रवाह मोजणाऱ्या यंत्रातून, मिळतो. ग्लायडर सहसा अख्ख्या बुडीचा सरासरी प्रवाह देतो, तोही हिशोबाने जिथे निघायला हवा होता आणि जीपीएसने जिथे सापडला, त्या फरकावरून.

तरी मी ग्लायडरकडे वळलो, ते एका त्रासामुळे. मूरिंगचा दोर ताठ उभा राहत नाही. तापीच्या पुरात काठचं लव्हाळं वाकतं तसा तो प्रवाहात झुकतो आणि त्यावरचे तापमान मोजणारे थर्मिस्टर खालच्या थंड पाण्यात उतरतात. आलेखात मात्र थंड पाणीच वर आल्यासारखं दिसतं. प्रवाह भरती-ओहोटीचा असला की ही खोटी लाटही त्याच तालावर येते, आणि मी शोधत होतो ती लाटही त्याच तालाची! खोली कळते ती दाबावरून, पण प्रत्येक थर्मिस्टरला दाबमापक नसतो, त्यामुळे मधल्यांची खोली अंदाजाने भरावी लागते. रात्र-रात्र बसून दुरुस्ती केली की आलेख देखणा व्हायचा, पण त्यातली लाट पाण्याची किती आणि दोराची किती, हे छातीठोकपणे सांगता येईना.

ग्लायडरच्या प्रत्येक तापमानाशेजारी त्याच क्षणाचा दाब असतो. तिथे वादच नाही. तो दिवसाला वीसेक किलोमीटर सरकतो, त्यामुळे जागेचा फरक आणि वेळेचा फरक एकमेकांत मिसळतात हे खरं. म्हणून एकाच जागेभोवती घिरट्या घातलेल्या बुड्या निवडाव्यात. भरती-ओहोटीच्या तालावरच्या अंतर्गत लाटेला, म्हणजे १२.४२ तासांच्या अंतर्गत भरतीला, चार-पाच तासांची बुडी पुरते. पृष्ठभागाजवळ मात्र चढतानाची आणि लगेच उतरतानाची नोंद जोडीने येते, मग मोठी फट पडते. माझा भरवसा मधल्या खोलीवर बसला, तिथे नोंदी बऱ्यापैकी समान अंतराने येतात. २०१६च्या पावसाळ्यात पावसाळा आणि समुद्र अभ्यासणाऱ्या भारत-ब्रिटनच्या बॉबल मोहिमेने बंगालच्या उपसागराच्या दक्षिणेला, ८ अंश उत्तर अक्षांशावर सीग्लायडर जातीचे ग्लायडर सोडले होते. सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

तुमचा विषय एकाकी लाटांचाच असेल, तर मूरिंगच घ्या. फक्त दोरावर दाबमापक किती आणि कुठे होते, ते आधी बघून घ्या.