बँडकॅम्प की स्पॉटिफाय? सांगलीच्या इलेक्ट्रॉनिक कलाकारांसाठी

२०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्याचा नाद सॅम्पल करून, म्हणजे त्याचा रेकॉर्ड केलेला तुकडा वापरून, घरच्या लॅपटॉपवर ट्रॅक रचणाऱ्यांना माझं सांगणं: आधी बँडकॅम्प, म्हणजे कलाकार आपलं संगीत श्रोत्यांना थेट विकतात ती वेबसाइट. किंमत तुम्ही ठरवता. डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि पेमेंटचं शुल्क तेवढं कापलं जातं. तंबोरा कुठे रेकॉर्ड केला, तबल्यावरून सिंथेसायझरकडे कसे वळलात, हा सगळा प्रवास अल्बमच्या पानावर मोकळेपणाने लिहिता येतो. माझ्या मते तीच खरी जाहिरात, कारण अनोळखी श्रोता त्यातूनच जवळ येतो.

स्पॉटिफायवर गाणं वितरकामार्फत, म्हणजे अशा ॲपपर्यंत गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, चढवावं लागतं, आणि मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा वाजल्याशिवाय त्या ट्रॅकचे पैसे मिळत नाहीत. तरी गावातले मित्र ऐकणार तिथेच. निदान एक ट्रॅक तिकडेही ठेवाच.