ऑलिम्पसचं लाइव्ह कॉम्पोझिट आणि हातातली टॉर्च : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत मी ऑलिम्पस ओएम-डी ई-एम१० मार्क २ घेतला, सेकंडहँड. २०१५चं मॉडेल, १६ मेगापिक्सेल; आजच्या हिशेबाने म्हातारंच. घेण्याचं कारण एकच होतं, लाइट पेंटिंग, म्हणजे अंधारात शटर उघडं ठेवून टॉर्चच्या उजेडाने चित्र रंगवणं. एम (मॅन्युअल) मोडवर शटरची चकती साठ सेकंदांच्या पुढे फिरवत गेलं की लाइव्ह कॉम्पोझिट लागतं, आणि माझे सगळे पैसे त्या एका मोडसाठी गेलेत असं म्हटलं तरी चालेल.

यात कॅमेरा आधी एक मूळ फ्रेम घेतो. मग तेवढ्याच वेळाच्या फ्रेम एकामागून एक घेत राहतो आणि आधीपेक्षा जे उजळ असेल तेवढंच चित्रात भरतो. त्यामुळे मागचा रस्त्यावरचा दिवा कितीही वेळ गेला तरी जळून पांढरा होत नाही. शिवाय चित्र स्क्रीनवर तयार होताना दिसतं. पिकासोने १९४९ मध्ये छायाचित्रकार ग्योन मिलीच्या कॅमेऱ्यासमोर अंधारात दिव्याने हवेत बैल काढला, तो काहीच न दिसता. आपल्याला एवढी सवलत घ्यायला हरकत नाही.

खरा फरक मात्र वापरल्यावरच कळतो. नेहमीच्या बल्ब मोडमध्ये (बटण दाबून ठेवाल तेवढा वेळ शटर उघडं) मिणमिणत्या टॉर्चनेसुद्धा हळूहळू उजेड साठत जातो. इथे तो फक्त एका फ्रेमच्या आत साठतो, एका फ्रेममधून दुसरीत नाही. म्हणजे मूळ वेळ (एका फ्रेमचा वेळ) एक सेकंद ठेवलात तर लहान टॉर्च कितीही फिरवा, भिंत तेवढीच काळपट राहणार. त्याच नियमाचा फायदाही आहे: वेगळ्या फ्रेममध्ये त्याच जागेवरून पुन्हा टॉर्च फिरली तरी ती जागा जास्त पांढरी होत नाही. दगडावर सारखा उजेड पसरवायला यासारखं सोपं काही नाही.

आमच्या गावच्या देवळापुढची दीपमाळ मी अशीच रंगवते. आयएसओ २००, एफ/५.६, मूळ वेळ दहा सेकंद. गुरवकाका अंगणातला दिवा बंद करतात, भाचा कॅमेऱ्यापाशी थांबतो. मी काळे कपडे घालून दीपमाळेच्या बाजूला उभी राहते आणि टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरून खालून वर नेते. दिवे ठेवायच्या प्रत्येक दगडी हाताची सावली त्यामुळे ठसठशीत पडते. कॅमेऱ्याशेजारून समोर टॉर्च मारली की तीच दीपमाळ पत्र्याची वाटते. "मावशी, डावीकडे वर राहिलं," असं भाचा स्क्रीन बघून ओरडतो, मग मी तेवढंच भरते.

टॉर्चचं मात्र नीट बघा. दगडासाठी पिवळसर उजेडाची घ्या. निळसर एलईडीत काळा पाषाण सिमेंटसारखा दिसतो. मी आधी ऑनलाइन घेतलेली एक स्वस्त टॉर्च मंद मोडवर डोळ्यांना न कळेल इतकी लुकलुकायची. हवेत रेघ ओढली की फोटोत तुटक टिंबं! पूर्ण प्रखर मोडवर रेघ अखंड यायची, पण मग डोळे दिपायचे. शेवटी बदलली.

स्टील वूल पेटवून गोल फिरवत ठिणग्या उडवायचा मोह सगळ्यांनाच होतो. भांड्यांची स्टीलची घासणी पेटत नाही, त्यासाठी पॉलिशवाले वापरतात ती बारीक लोखंडी लोकर लागते. करायचंच तर ओल्या वाळूवर, भोवती माणसं नसताना, डोळ्यांवर चष्मा लावून. उन्हाळ्यात डोंगरावर, किल्ल्यावर वाळलेल्या गवतात हा खेळ करणाऱ्यांना माझ्याकडून शिव्याच मिळतील.

उणिवाही आहेत. हाती येते ती फक्त शेवटची एकच फाइल. मध्येच एखादी बाइक हेडलाइट लावून आली तर तेवढी फ्रेम वगळता येत नाही, पहिल्यापासून सुरुवात. सुट्या फ्रेम काढून कॉम्प्युटरवर जोडणारे याबाबतीत सुखी. वीस मिनिटं चाललं तर आभाळातल्या ताऱ्यांच्या रेघा होतात, तुम्हाला हव्या असोत वा नसोत. कमाल मर्यादा तीन तासांची. माझी जुनी बॅटरी त्याच्या आधीच मान टाकते. स्क्रीनचा उजेड कमी करून ठेवा, नाहीतर अंधाराला सरावलेले डोळे दर वेळी पुन्हा पहिल्यापासून.

रेघा आणि नक्षी एवढंच हवं असेल तर कुठलाही बल्ब मोडवाला कॅमेरा पुरेल. वास्तू उजळायच्या असतील तर मात्र हा घ्याच. जुना घेताना लेन्सला झाकण लावून साठ सेकंदांचा एक फोटो दुकानातच काढून मोठा करून बघा. लाल-निळे ठिपके दिसले तर मेन्यूतलं पिक्सेल मॅपिंग (असे खराब ठिपके झाकणारी सोय) चालवून परत काढा, आणि तरीही बरेच उरले तर भाव पाडून मागा.