अन्यायाची शिक्षा: सैन्यातच तक्रार, न्यायाधिकरण की उच्च न्यायालय?

थलसेनेत वरिष्ठांनी दिलेली शिक्षा अन्यायाची वाटली, तर जवानापुढे तीन दारं असतात: सेना अधिनियम 1950 खालची तक्रार, सशस्त्र दल न्यायाधिकरण (एएफटी) आणि उच्च न्यायालय. त्यातलं कोणतं ठोठावायचं, हे शिक्षा कशी झाली त्यावर ठरतं. म्हणून आधी कागद बघा. सीओसाहेबांनी (कमांडिंग ऑफिसर, म्हणजे युनिटचे प्रमुख) कलम 80 खाली दिलेली शिक्षा वेगळी आणि समरी कोर्ट मार्शल (थोडक्यात चालणारा लष्करी खटला) वेगळं. कलम 80 खाली 28 दिवसांपर्यंत कोठडी, पगारातून दंड, सक्त ताकीद अशा शिक्षा होतात. समरी कोर्ट मार्शलमध्येही सीओ एकटेच निकाल देतात. पण ते लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचे असतील तर 1 वर्षापर्यंत कैद सुनावू शकतात.

कलम 80 च्या शिक्षेसाठी पहिला रस्ता कलम 26 ची लेखी तक्रार. ती कंपनी कमांडरकडे जाते. तक्रार त्यांच्याविरुद्धच असेल तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. खर्च नाही, वकील लागत नाही, आणि शक्य तितकी पूर्ण चौकशी करणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. बेकायदा, अन्याय्य किंवा जास्त वाटलेली शिक्षा वरिष्ठ रद्द किंवा कमी करू शकतात. दुबळी बाजू उघड आहे: ज्या साखळीतून शिक्षा आली, त्याच साखळीतून तक्रार वर जाते.

तरीही ती नीट लिहिणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण पुढच्या प्रत्येक दारात हाच कागद पाहिला जातो. "साहेबांचा माझ्यावर राग आहे" या वाक्याने काही सिद्ध होत नाही. नियम कुठे मोडला ते लिहा. सेना नियम 22 प्रमाणे आरोप तुमच्यासमोर ऐकला का? साक्षीदारांची उलटतपासणी करू दिली का, तुमचे साक्षीदार बोलावू दिले का? कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (लष्करी चौकशीत) तुमच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर बोट ठेवलं असेल, तर नियम 180 प्रमाणे पूर्ण वेळ हजर राहण्याची संधी दिली का? नियम 184 खाली संबंधित जबाबांच्या प्रती मागा, त्याही लेखी.

इथे लोक हमखास अडकतात ते तीन ठिकाणी. तक्रारीत जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कलम 56 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पुरावा नसलेला लाचेचा किंवा हेतूचा आरोप टाळा. इतरांच्या सह्या गोळा करू नका. एकत्रित अर्ज ही बेशिस्त धरली जाते. आणि आमदार-खासदारांची चिठ्ठी किंवा समाजमाध्यमांवरचा व्हिडिओ यांनी मूळ अन्याय बाजूला पडतो, नवा आरोप तेवढा उभा राहतो.

समरी कोर्ट मार्शल झालं असेल तर अर्ज कलम 164 खाली करायचा. आरोपपत्र समजावल्यापासून खटला सुरू होईपर्यंत 96 तास मिळाले का (सक्रिय सेवेत 24), हे तपासा. "गुन्हा कबूल कर, थोडक्यात सोडवतो" या आश्वासनावर कबुली देऊ नका. ती नोंदली गेली की पुढे लढायला फार थोडं उरतं.

न्यायाधिकरणाची ताकद मोठी: सैन्याबाहेर सुनावणी, वकील नेमण्याची किंवा स्वतः बाजू मांडण्याची मुभा. पण सैन्यातले उपाय वापरल्याशिवाय ते सहसा अर्ज घेत नाही. मुदत इथेच चुकते. तक्रारीवर अंतिम निर्णय आला तर त्यापासून 6 महिने. उत्तरच आलं नाही तर 6 महिने थांबायचं आणि पुढच्या 6 महिन्यांत जायचं. म्हणजे 10 जानेवारीला तक्रार दिली आणि उत्तर नाही, तर 10 जुलैनंतर दार उघडतं आणि पुढच्या जानेवारीत बंद होतं. मध्ये पाठवलेल्या स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. तक्रारीची तारखेसह पोच हवी, ती यासाठीच.

बदली, पोस्टिंग आणि रजा न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत. समरी कोर्ट मार्शलही, बडतर्फी किंवा 3 महिन्यांहून जास्त कैद नसेल तर. अशा वेळी उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली रिट करावी लागते. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्धही तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. मात्र उच्च न्यायालय पुरावा नव्याने तोलत बसत नाही; प्रक्रिया पाळली का, एवढंच प्रामुख्याने बघतं.

छोटी शिक्षा सोडून द्यावी का? रेड इंक एंट्री (सेवापत्रकात लाल शाईने होणारी शिक्षेची नोंद) असेल तर आमच्या मते नाही. अशा चार नोंदींवरून डिस्चार्जची, म्हणजे सेवेतून काढण्याची, कारवाई होते. केवळ चार नोंदी पुरेशा नाहीत, आधी चौकशी हवी, सेवेचा काळ आणि खडतर पोस्टिंगही पाहायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं. पण दुसरी नोंद झाली तेव्हाच केलेली तक्रार त्या वेळी हाताशी असली, तर बाजू कितीतरी भक्कम होते.

अधिकाऱ्यांसाठी कलम 27 आहे: आधी सीओकडे अर्ज, दाद न मिळाल्यास केंद्र सरकारकडे. सेवेतून बाहेर पडलेल्या जवानाला राहत्या ठिकाणच्या एएफटी खंडपीठात अर्ज करता येतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते मुंबईत आहे.