चकती, ब्राझील नट की कुपीचं बूच? तलवारीचा पॉमेल निवडताना

मध्ययुगीन युरोपी तलवारीची प्रतिकृती मागवायची म्हटली की लोक पात्यावर तासभर बोलतात. मुठीच्या टोकाला असलेल्या धातूच्या गोळ्याकडे, म्हणजे पॉमेलकडे, कुणी ढुंकूनही बघत नाही. तलवार घरी आल्यावर मनगटात टोचतो तो नेमका तोच. पात्याच्या वजनाला मागून तोल देणं, हात सटकू न देणं आणि सगळी मूठ जागच्या जागी आवळून धरणं ही त्याची कामं. नाव मात्र गोड आहे: जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘छोटं सफरचंद’.

आधी अक्षरांचा घोळ निस्तरू. विक्रेता ‘टाइप एच’ लिहून मोकळा होतो, पण कुणाचा एच? नॉर्वेच्या यान पेटरसनने १९१९ साली व्हायकिंग तलवारींच्या मुठींना अक्षरं दिली, त्यात एच म्हणजे त्रिकोणी माथा. पुढे इंग्लंडच्या ईवर्ट ओकशॉटने मध्ययुगीन पॉमेलना स्वतःची अक्षरं लावली, त्यात एच म्हणजे कडा तिरप्या तासलेली गोल चकती. तेव्हा अक्षर सोडा, फोटो बघून पैसे भरा.

व्हायकिंग धाटणीचा पॉमेल बहुधा दोन तुकड्यांचा: खाली आडवी पट्टी, वर तीन किंवा पाच फुगे, श्रीमंताच्या तलवारीवर चांदी-तांब्याची नक्षी. काचेच्या कपाटात ठेवायला याला तोड नाही. पण मूठ आखूड असते, हात पात्याकडची आडवी पट्टी आणि पॉमेलची पट्टी यांच्या मध्ये अडकतो, आणि हातोडीसारखं पकडून वार करायची सवय असलेल्यालाच ते मानवतं.

हेच दोन तुकडे पुढे एकजीव झाले आणि ब्राझील नटच्या, म्हणजे संत्र्याच्या फोडीसारख्या दिसणाऱ्या बीच्या आकाराचा, आडवा पसरलेला पॉमेल आला. ११व्या-१२व्या शतकात तो जिकडे तिकडे दिसतो. त्याच घराण्यातला, पण माथा जास्त फुगीर असलेला पॉमेल पवित्र रोमन साम्राज्याच्या, व्हिएन्नात ठेवलेल्या राजतलवारीवर आहे; त्यावर सम्राट चौथ्या ओटोची राजचिन्हं कोरलेली आहेत. दिसायला मला हाच आकार सगळ्यात आवडतो. वापरायला नाही. हात पुढे लांबवून टोक समोर रोखलंत की त्याची कड तळव्याच्या मागच्या मांसल भागात रुतते.

चकतीने हा त्रास बराच कमी केला. गोल कड तळव्यावरून सरकते, मनगट मोकळं राहतं. १२व्या शतकापासून १५व्यापर्यंत ती टिकली, ती उगाच नाही. शिवाय दोन्ही बाजूंना सपाट जागा, म्हणजे कुलचिन्हं मिरवायची आयती सोय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात फ्रान्समधल्या ब्रिटनीचा ड्यूक पिएर द द्रो याचा एक सुटा पॉमेल आहे. तांब्याची चकती, सोन्याचा मुलामा, आणि मिनाकामात त्याच्या घराण्याचे निळे-सोनेरी चौकोन. पिएर सातव्या धर्मयुद्धात (क्रुसेडमध्ये) इजिप्तमध्ये कैद झाला आणि १२५० साली परतीच्या वाटेवर समुद्रातच वारला. हा पॉमेल पुढे दमास्कसमध्ये मिळाला. तलवारीचा पत्ता नाही, मालकाची ओळख मात्र या चकतीने जपली.

तलवार दोन्ही हातांनी धरायची असेल तर हिशेब बदलतो, कारण डावा हात पॉमेलवरच येतो. १४व्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांब तलवारींवर दिसणारा, अत्तराच्या कुपीच्या बुचासारखा निमुळता आकार इथे चकतीपेक्षा सरस. बोटं अलगद बसतात आणि मुठीचाच पुढचा भाग धरल्यासारखं वाटतं. माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला आकारही १५व्या शतकातला, देखणा. पण स्वस्त प्रतिकृतीत त्याच्या कडा नीट घासलेल्या नसतात, म्हणून जपून.

आपल्याकडच्या फिरंग तलवारीशी यातलं काही ताडून बघू नका. तिचं पातं युरोपी असलं तरी मूठ इथे चढवलेली, तिच्या मुठीच्या टोकाची वाटी आणि पकड निराळी.

माझं ऐकाल तर एका हाताच्या सरावाला चकती, दोन हातांच्या तलवारीला कुपीचं बूच, आणि भिंतीवर टांगायला मनाला येईल ते. पण आकाराआधी जोडणी विचारा. जुने कारागीर बहुधा पात्याचा मुठीतून जाणारा दांडा पॉमेलच्या आरपार काढून वरून ठोकून पसरवत. माझ्या पहिल्या तलवारीचा पॉमेल पेचाचा होता. महिनाभरातच सैल होऊन खुळखुळायला लागला आणि प्रत्येक सरावाआधी पिळून घट्ट करावा लागायचा. १५व्या शतकातल्या ‘ग्लादियातोरिया’ या द्वंद्वाच्या डावांच्या हस्तलिखितात पॉमेल काढून प्रतिस्पर्ध्यावर फेकायचा डावही दाखवलाय, पण तो मुद्दाम फेकलेला असतो. माझा आपणहून निघाला असता.