दिल्लीला गेलात तर संडासांचं म्युझियम बघाच

दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला गेलो होतो, आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट सगळं झालं आणि शेवटच्या दिवशी मुलीने हट्टच धरला की संडासांचं म्युझियम बघायचं. सासूबाई म्हणाल्या, अगं एवढ्या लांब येऊन संडास कसले बघायचे! पण गेलो, आणि आता घरी येऊन महिना होऊन गेला तरी त्या सगळ्यात जास्त त्याच जागेबद्दल बोलतायत.

नाव सुलभ इंटरनॅशनल म्युझियम ऑफ टॉयलेट्स. महावीर एन्क्लेव्हमध्ये पालम-डाबरी रोडवर, सुलभ संस्थेच्या आवारातच आहे. मेट्रोच्या मजेंटा लाईनवर दशरथपुरीला उतरायचं आणि तिथून रिक्षा करायची. तिकीट नाही. सुलभ म्हणजे तेच ते आपल्या एसटी स्टँडबाहेरचं सुलभ, आपण इतके वर्षं 'सुलभला जाऊन येते' म्हणतो पण ही एक संस्था आहे आणि डॉ. बिंदेश्वर पाठक नावाच्या माणसाने ती १९७० मध्ये बिहारमध्ये सुरू केली हे मला तरी तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. म्युझियम १९९२ चं.

आत गेल्यावर पहिल्यांदा हसूच येतं आणि येऊ द्यावं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सिंहासनाची प्रतिकृती आहे, वर राजा आणि बैठकीखाली भांडं, म्हणजे दरबार चालू असतानाच महाराजांचं उरकायचं. मुलगी म्हणाली, सगळ्यांसमोर?? जाड जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यासारखा दिसणारा एक कमोड आहे, एक लाकडी पेटीसारखा आहे, शिकारीला वगैरे जाताना बरोबर न्यायचा. फुलाफुलांची नक्षी काढलेली चिनी मातीची भांडी तर इतकी सुंदर आहेत की सासूबाईंना वाटलं सूप प्यायचीच आहेत. विजेवर सगळं जाळून चिमूटभर राख करणारं एक अमेरिकन यंत्रसुद्धा आहे.

पण घाईघाईत फोटो काढत सुटू नका, भिंतींवरचे तक्ते वाचा. मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी घरातून निघणारी झाकलेली गटारं होती. त्यानंतर इंग्लंडमध्ये सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्ये फ्लशची कल्पना मांडली, राणी एलिझाबेथ ही त्याची गॉडमदर, तिच्यासाठी एक बनवूनही दिला, पण खाली वाकडा पाईप नव्हता त्यामुळे वास परत वर यायचा. तो वाकडा पाईप १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगच्या पेटंटमध्ये आला. आपले गवंडी ज्याला कोंबडा म्हणतात ना, तोच. त्यात थोडं पाणी साठून राहतं आणि खालची घाण हवा वर येत नाही. रोज ज्याच्यावर बसतो त्याच्या खाली हे काय असतं हे वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी कळलं मला.

आता माझं स्पष्ट मत, खोलीतलं बघून लगेच परत फिरलात तर म्युझियम बघितलंच नाही असं समजा. बाहेर अंगणात वेगवेगळ्या खर्चाचे संडास बांधून ठेवलेत, तिथे जास्त वेळ द्या. बरोबर माणूस असतो, तो नीट समजावून सांगतो. भांड्याला उतार जास्त, २५ ते २८ अंशांचा, म्हणून एक-दीड लिटर पाण्यात काम होतं, जिथे आपल्या शहरातल्या जुन्या टाक्या दहा लिटर ओततात. मागे दोन खड्डे. पहिला भरला की त्याचं तोंड बंद करायचं आणि दुसरा चालू करायचा. विटा जाळीसारख्या सोडून बांधलेल्या, त्यामुळे पाणी आणि गॅस दोन्ही मातीत जिरतं. दोन वर्षांनी पहिला उघडला की आत काय असतं? त्याने सरळ एक कोरडं ढेकूळ सासूबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाला, सूंघिए माताजी. मी दोन पावलं मागे सरकले पण त्यांनी खरंच वास घेतला, आणि म्हणाल्या, काहीच वास नाही गं, हे तर सोनखत. सोनखत म्हणजे मैल्याचं खत, हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

मग तिथेच एका कट्ट्यावर बसून त्या बोलायला लागल्या. त्यांचं माहेर वाईचं, जुना वाडा, मागे टोपलीचे संडास आणि त्याच्या मागे अरुंद बोळ. पहाटे एक बाई त्या बोळातून यायची, खालच्या दारातून टोपली ओढायची आणि भरलेला डबा डोक्यावर घेऊन जायची, पावसाळ्यात तो गळायचा. तिला पाणी द्यायचं तर वरून. 'आणि तिचं नाव काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही', असं म्हणाल्या आणि गप्पच झाल्या. माझ्या मुलीने हे पहिल्यांदा ऐकलं, मीसुद्धा लग्नाला वीस वर्षं होऊन पहिल्यांदाच ऐकलं.

पाठक स्वतः बिहारमधल्या ब्राह्मण घरातले. लहानपणी अशाच एका बाईला हात लावला म्हणून आजीने त्यांना शेण, गोमूत्र आणि गंगाजल प्यायला लावलं होतं, ही गोष्ट ते स्वतः सांगायचे. पुढे आयुष्यभर हेच काम केलं त्यांनी, की माणसाचा मैला माणसाने उचलायलाच लागू नये. कायद्याने ते काम १९९३ मध्ये बंद झालं, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा आला, तरी गटारात उतरून माणसं मेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतोच. पाठक २०२३ च्या १५ ऑगस्टला गेले, याच आवारात झेंडावंदन केल्यानंतर.

मला तिथे सारखी आपल्या अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण येत होती, कोकणचे गांधी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मला भंगीकाम करू द्या म्हणून उपोषणाला बसलेला माणूस, नंतर कणकवलीच्या गोपुरीत संडासांवरच प्रयोग केले. आणि देहूचे डॉ. मापुस्कर, ज्यांनी गावात घरोघरी संडास आणि मैल्यावरचा बायोगॅस यासाठी सगळी हयात घालवली, पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये, मरणोत्तर. मुलांना घेऊन गेलात तर ही आपली दोन नावंसुद्धा त्यांना तिथेच सांगा, समोर खड्डा दिसत असताना सांगितलेलं डोक्यात बसतं.

बायोगॅसही तिथे बघायला मिळतो. सार्वजनिक संडासातल्या मैल्यापासून केलेला गॅस, त्यावर शेगडी पेटते, दिवा लागतो. ज्योत अगदी आपल्या सिलिंडरसारखीच निळी.

दीड-दोन तास हाताशी ठेवा, निघायच्या आधी फोन करून वेळ विचारून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून न्या, मुलांपेक्षाही त्यांना जास्त. बाहेर पडता पडता सासूबाईंनी त्या माणसाला मोडक्या हिंदीत विचारलं की आमच्या गावच्या विहिरीपासून खड्डा किती लांब पाहिजे. तो म्हणाला निदान १० मीटर. गावी घराचं काम चालू आहे आमचं, एकाच मोठ्या टाकीचं ठरलं होतं. दिल्लीहून निघायच्या आधीच, स्टेशनवरून त्यांनी गवंड्याला फोन लावला, अरे बाबा, टाकी नको, दोन खड्डे घे.