‘स्मेल ट्रेनिंग’चा चार बाटल्यांचा संच: विकत घ्यावा की घरी जमवावा?

‘स्मेल ट्रेनिंग’ म्हणजे गेलेला वास परत यावा म्हणून ठरावीक वास रोज हुंगण्याचा व्यायाम. कोविडनंतर वास गेलेल्यांसाठी त्याचं ‘स्मेल ट्रेनिंग किट’ ऑनलाइन सर्रास मिळू लागलं. बहुतेक संचांचं रूप सारखंच असतं: पुठ्ठ्याचं खोकं, आत तपकिरी काचेच्या चार छोट्या बाटल्या (गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग) आणि एक इंग्रजी पत्रक. ही चौकडी कुठल्या कंपनीने शोधलेली नाही. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हेच चार वास रुग्णांना दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला लावले आणि काहींची घ्राणशक्ती सुधारली. निवडीमागे हान्स हेनिंगची १९१६ची वर्गवारी होती: फुलांचा, राळेचा, फळांचा आणि मसाल्याचा, असा प्रत्येकी एक वास. म्हणजे खोक्याचे जे पैसे जातात ते बाटल्यांचे आणि तेलांचे. पद्धत फुकट आहे.

तेव्हा तपासायची ती तेलं. सगळ्यात जास्त फसवणूक गुलाबात होते. अस्सल गुलाबाचं तेल इतकं महाग असतं की स्वस्त संचात ते असणं शक्यच नाही. असतं ते फिनाइल इथाइल अल्कोहोल (गुलाबासारखा वास देणारं एकच रसायन) किंवा परफ्यूम. पहिलं चालतं, मूळ प्रयोगात तेच वापरलं होतं. दुसऱ्यात दहा वास एकत्र असतात आणि मेंदूला नेमकं काय ओळखायचं तेच कळत नाही. मोहम्मद अली रोडवरचं गुलाबाचं अत्तर आणावं असा मोह होतो, पण पारंपरिक अत्तराचा पाया चंदनाचा असतो, त्यामुळे गुलाबाबरोबर चंदनही हुंगलं जातं. सणाला लावायला उत्तम, या कामाला नको. गुलाबपाणी तर फारच फिकं.

लिंबाची बाटली सगळ्यात आधी खराब होते. त्यातलं लिमोनीन हे रसायन हवेशी संयोग पावतं आणि मुंबईच्या उकाड्यात काही महिन्यांत लिंबाऐवजी टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो. म्हणून बाटली कपाटात, अंधारात ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. पर्याय म्हणून गवती चहाची ताजी पात चुरगळून हुंगली तरी चालते, दोन्हीतला सिट्रल, म्हणजे लिंबासारखा वास देणारा घटक, एकच.

निलगिरीची गोम वेगळी आहे. नाकात थंडावा किंवा चुरचुर जाणवते ती चेहऱ्याच्या स्पर्श-वेदनेच्या ट्रायजेमिनल नसेमुळे, घ्राणनसेमुळे नव्हे. वास पूर्ण गेलेल्यालाही निलगिरी ‘कळते’ ती अशी. त्यामुळे “निलगिरी येते, म्हणजे सुधारतंय” हा हिशेब चुकीचा. साथीच्या काळात व्हॉट्सॲपवर फिरलेल्या कापूर-ओव्याच्या पोटलीचीही तीच गत. प्रगती मोजायची तर गुलाबावर मोजा. चिठ्ठ्या झाकून, घरातल्या कुणाला तरी बाटल्या पुढे करायला सांगून.

बाटलीच्या रचनेत मात्र एक ढोबळ चूक सर्रास दिसते. तोंडात थेंब पाडायचं प्लास्टिकचं बूच बसवलेलं असतं. नाक लावलं तरी त्या बारीक छिद्रातून वास जेमतेम वर येतो आणि माणसाला वाटतं आपलंच नाक बंद. बूच सुरीच्या टोकाने उपसून काढावं. त्याहून बरं म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीटवरून रुंद तोंडाच्या काचेच्या चार बरण्या आणाव्यात, प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि त्यावर चार-पाच थेंब तेल. निलगिरी आणि लवंगेचं तेल केमिस्टकडे मिळतं. तेल नाकात घालायचं नाही, लवंगेचं तर कातडीलाही झोंबतं. निलगिरी पोटात गेली तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, तेव्हा बरण्या उंचावर.

रीत अशी: बरणी नाकापासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरून १५-२० सेकंद हलके हलके हुंगावं आणि तो वास पूर्वी कसा यायचा ते मनात आणावं. अर्ध्या मिनिटाने पुढची बरणी. सकाळी न्याहारीआधी एकदा, रात्री झोपताना एकदा. बारा आठवडे हा किमान हिशेब. पुढे वास बदलण्याची पद्धत आहे, आणि तुर्की संशोधकांचा दुसरा संच (पुदिन्याचा मेंथॉल, थाइम, संत्रं, जाई) मुंबईत जमवणं अगदी सोपं. थाइममधला थायमॉल आपल्या ओव्यात असतोच, आणि जाईचा गजरा दादरच्या फुलबाजारात.

मध्येच लवंग कुजल्यासारखी वाटू लागली, कॉफी आणि कांदा-लसणाची फोडणी असह्य झाली, तर घाबरू नये. त्याला पॅरोस्मिया म्हणतात आणि विषाणूनंतर वासाच्या चेतापेशी नव्याने वाढताना तो बऱ्याचदा दिसतो. तेवढी बरणी बाजूला ठेवून बाकी चालू ठेवावं.

बहुतेक पत्रकांत नसतं ते हे: वास गेला की पहिली खरेदी किट नव्हे, कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ. नाकात पॉलिप (मऊ कोंब) किंवा जुना सायनस असेल तर वास घ्राणपेशींपर्यंत पोचतच नाही, तिथे आधी उपचार. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, ती कायम चोंदलेली असेल, किंवा डोक्याला मार बसल्यावर एका बाजूने पाण्यासारखा स्राव गळत असेल तर उशीर नको. विषाणूने गेलेल्या वासाला व्यायामाचा उपयोग जास्त होतो, डोक्याच्या माराने गेलेल्याला कमी. आणि वास हळूहळू, कारणाशिवाय गेला, सोबत जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं, अक्षर बारीक होत जाणं असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. पार्किन्सनमध्ये (कंपवातात) वास कंपाच्या कित्येक वर्षं आधी जाऊ शकतो. वास गेलेल्या बहुतेकांना पार्किन्सन नसतो, हेही तितकंच खरं.

थोडक्यात निवाडा: बूच निघणारं असेल, गुलाबाच्या बाटलीवर घटक छापलेले असतील आणि तेलांवर तारीख असेल तर किट घ्यायला हरकत नाही, नाहीतर घरचा संच सरस. वाचलेल्या पैशांतून आधी गॅस डिटेक्टर घ्या, कारण गळती कळावी म्हणून गॅसला मुद्दाम दिलेला उग्र वास आता तुम्हाला कळणार नाही. घरात पाइप गॅस असेल तर डिटेक्टर छताजवळ लावा, तो हवेपेक्षा हलका. सिलिंडर असेल तर जमिनीलगत, कारण एलपीजी खाली साचतो.