साठीनंतर स्नायू टिकवायचे तर रोजचे चालणे की वजनाचे व्यायाम?

सत्तरी ओलांडलेली माझी आई रोज सकाळी पाऊण तास चालते, तरीही देवासमोरच्या पाटावरून उठताना तिला एक हात जमिनीला आणि दुसरा गुडघ्याला लावावा लागतो. चालण्याचा हृदयाला, रक्तदाबाला आणि रक्तातील साखरेला होणारा लाभ खराच आहे. परंतु वयोमानाप्रमाणे जास्त झिजतात ते झटकन जोर लावणारे स्नायुतंतू, आणि सपाट रस्त्यावरच्या संथ चालीत त्यांना फारसे काम पडत नाही.

वजन पेलताना मात्र हेच तंतू कामाला लागतात, आणि त्याला वय आड येत नाही. बोस्टनमध्ये नव्वदीच्या घरातल्या दुर्बळ वृद्धांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम करून घेण्यात आला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे दोन्हींना वेळ मिळत नसेल, तर आठवड्यातले दोन-तीन दिवस चालणे कमी करून ते व्यायामाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनाही ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करण्यास सांगते.

ते घरी करावेत की जिममध्ये? खुर्चीवरून हात न टेकता उठबस करणे, भिंतीला हात टेकवून जोर काढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एवढ्यावर घरी उत्तम सुरुवात होते आणि पडण्याची भीतीही कमी असते. अडचण पुढे येते, कारण पाण्याची तीच बाटली सहा महिने उचलली तर ताकद तिथेच थांबते. जिममध्ये वजन थोडेथोडे वाढवता येते, पण तिथला प्रशिक्षक वृद्धांशी सबुरीने वागणारा हवा. जोर लावताना श्वास कोंडू नये, आणि हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रथिनांची पावडर बहुतेकांना लागत नाही. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने वरण, उसळ, दूध, अंडी किंवा मासे यांतून मिळू शकतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

निर्णयाआधी घड्याळ लावून हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसावे. त्याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंच्या झिजेविषयी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली दिलेल्या निकषांनुसार शारीरिक क्षमता घटलेली समजतात. आईला १७ लागले.